उत्तमरावांची समोरची काच

आमच्या उत्तमरावांच्या फियाटमध्ये बसायचं असेल तर चपला बाहेर काढाव्या लागतात. देवळाबाहेर काढतो तशा, दाराशी, जोडीनं. मग आत अंथरलेल्या सतरंजीवर पाय ठेवायचे, दार हळू ओढून घ्यायचं, आणि उत्तमराव मागं वळून एकेकाच्या पायांकडं बघून खात्री करणार. एकदा एका लग्नासाठी उत्तमरावांसकट आम्ही सहा जण मंठ्याहून जालन्याला गेलो. मंगल कार्यालयापाशी गाडी थांबली, दारं उघडली, आणि सहाही जणांच्या एकदमच लक्षात आलं की चपला मंठ्यातच, उत्तमरावांच्या फाटकाबाहेर ओळीनं मांडलेल्या आहेत. ते लग्न आम्ही अनवाणी जेवलो. मुलीकडच्यांना वाटलं, या मंडळींचा काहीतरी नवस असावा. त्यांनी आम्हाला आग्रह करकरून जिलेबी वाढली. तेव्हापासून गाडीच्या डिकीत चपलांसाठी एक गोणपाटाची पिशवी असते. नियम मात्र कायम आहे.

"घरात चपला घालून येता का तुम्ही, सर? न्हाई ना? मंग?"

या 'मंग'नंतर सगळ्यांचे हात आपोआप चपलांकडं जातात.

उत्तमराव माझे शेजारी. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळं त्यांना माझ्याबद्दल थोडी आपुलकी आणि बरीचशी कीव वाटते. त्यांच्या मते मी पृथ्वी नुसती फळ्यावर काढतो आणि ते ती पायांनी मोजून आलेत. खातं सुटलं, पण त्यांच्या खिशातला टेप काही सुटला नाही. सदऱ्याचा उजवा खिसा त्या वजनानं कायम खाली ओढलेला असतो. भाजीवालीकडचा दुधी, दारातली रांगोळी, त्यांच्या बायकोची म्हणजे आमच्या काकूंची भाकरी, काहीही त्या टेपच्या तावडीतून सुटत नाही. "आज पाऊण इंच लहान हाय," असं म्हणत ते भाकरी मोडतात आणि काकू शांतपणे दुसरी भाकरी त्यांच्या ताटात टाकतात.

कुठंही वाद निघाला की त्यांचं एकच वाक्य: "आधी हद्द कायम करू." आमच्या घरात टेबलफॅनवरून भांडण व्हायचं. माझी बायको म्हणायची, वारं सगळं तुमच्याकडंच जातं. उत्तमराव एका दुपारी आले, पंखा कुठून कुठवर फिरतो ते मोजलं, जमिनीवर खडूनं दोन रेघा मारल्या आणि पंख्याचा पाय त्यांच्या बरोबर मधे ठेवला. तेव्हापासून आमचं त्या विषयावर भांडण झालेलं नाही. बाकीच्या विषयांवर त्यांना बोलवायचा मला अजून धीर झाला नाही.

काकू म्हणतात, "मला पाह्यला आल्ते तवा चहा पिता पिता नुसत्या डोळ्यांनी माझी उंची मोजून गेल्ते. घरी जाऊन कागदावर लिहून ठेवली म्हणं."

"अर्ध्या इंचाचा फरक पडला," उत्तमराव अजून हळहळतात. "तुमी पाटावर बसल्या व्हत्या म्हणून."

ही फियाट त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. सायीच्या रंगाची. रोज सकाळी सुरू करून पाच मिनिटं गुरगुरू देतात आणि बंद करतात. बाहेर फार निघत नाही. पण वर्षातली एक फेरी ठरलेली: भाऊबीजेला आष्टीला, अक्काकडं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, दहा-बारा वर्षांनी मोठी. आई लहानपणीच गेली आणि अक्कानंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. त्यांना ती 'बाळू' म्हणते, हे मला काकूंकडून कळलं. स्वतः उत्तमराव या विषयावर एक इंचही बोलत नाहीत. गाडी घेतली त्या वर्षी पहिली फेरी आष्टीचीच झाली. अक्काला पुढं बसवून गावातून तीन चकरा मारल्या होत्या. त्यानंतर एकही भाऊबीज चुकलेली नाही. एकदा अंगात ताप घेऊन गेले, एकदा रस्ता खोदलेला होता म्हणून शेतातून गाडी घालून गेले.

आता मला माझ्या पापाकडं वळलं पाहिजे.

दसऱ्याला उत्तमराव गाडीची पूजा करतात आणि नारळ फोडायचा मान दरवर्षी कुणाला तरी देतात. यंदा तो मला मिळाला. "सरांचा हात साफ हाय," असं ते चारचौघांत म्हणाले. मी सोवळ्यातल्या माणसासारखा पुढं झालो. गाडीसमोर दगड मांडलेला, नारळ नुकताच धुतलेला. मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, आणि तो माझ्या हातातून निसटून थेट समोरच्या काचेवर गेला. काच फुटली म्हणणं कमी होईल. तिचा साबुदाणा झाला. नारळाला मात्र साधा तडाही गेला नव्हता.

उत्तमराव खाली वाकले, टेप काढला, एक टोक दगडावर आणि दुसरं काचेच्या रिकाम्या चौकटीला लावून वाचलं.

"सव्वासहा फूट," ते म्हणाले. "ओ सर, सव्वासहा फुटांचा फरक!"

त्यांनी मला यापलीकडं एक अक्षर सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊबीज तीन आठवड्यांवर होती. मंठ्यातल्या काचवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले. "काका, आता समद्या गाड्यांच्या काचा गोंदानं चिकटवत्यात. ही रबरातली काच बसवणारे आमचे उस्ताद गेले. मला न्हाई जमायचं. अन् मिळाली, बसवताना फुटली, तर दुसरी कुठून आणायची?"

मी प्रायश्चित्ताला तयारच होतो. म्हटलं, "काका, माझ्या साडूंची नवी गाडी मागवतो. एसी आहे."

"न्हाई."

"मग एसटीनं जाऊ."

"न्हाई."

"बरं, बिनकाचेची न्या. गॉगल लावा, उपरणं गुंडाळा. आष्टी काही लांब नाही."

"सर, काचेबिगर जमणार न्हाई," ते म्हणाले. "बिलकुल न्हाई."

खरं सांगतो, मला तेव्हा थोडा रागच आला. बहिणीला भेटण्यापेक्षा यांना गाडी मिरवण्याची हौस, असं मी घरी येऊन बायकोला म्हणालो. तिनं माझ्या हातांकडं बघितलं. काच मी फोडली होती.

शेवटी जालना गाठलं. देशभराचं भंगार तिथल्या भट्ट्यांत वितळायला येतं, तेव्हा एखादी फियाट वाटेत थांबली असेल अशी आमची आशा. दोन दिवस आम्ही गंजक्या दारांच्या आणि बोनेटांच्या ढिगांतून फिरलो. तिसऱ्या गोदामात रशीदभाई नावाच्या म्हाताऱ्या माणसाकडं एक निळी फियाट उभी होती, चाकं नाहीत, इंजिन नाही, पण समोरची काच धडधाकट. रशीदभाईंनी ती स्वतः उतरवून दिली, नवं रबर मिळायचं दुकान सांगितलं आणि बसवायची युक्तीही सांगितली: काचेला रबर चढवायचं, रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी मारायचं, काच गाडीला टेकवायची आणि आतून दोरी ओढायची. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढते.

"आहिस्ता खेंचना," ते म्हणाले. "जल्दी करे तो गई. मेरे पास दूसरी नहीं है, बाबा."

काच गोधडीत गुंडाळून आम्ही एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "टपावर टाका."

"मंग मला बी टपावर टाका," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी काचेचं फुल तिकीट काढलं. काच खिडकीपाशी, मधे ते, कडेला मी. वाटेत एक आजी चढल्या. गोधडीकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "पेशंट हाय का?"

"हौ," उत्तमराव म्हणाले. "जरा धक्का लागू देऊ नका."

आजींनी मंठ्यापर्यंत स्वतःची पिशवी मांडीवर घेतली.

दिवाळीआधीच्या रविवारी उत्तमरावांच्या अंगणात काच बसवायचं ठरलं. भाऊबीजेला दिवस थोडे उरले होते. काकू आत शंकरपाळे लाटत होत्या. आम्ही खाटेवर काच ठेवून तिच्याभोवती रबर चढवलं. त्यातच तास गेला. मग उत्तमरावांनी टेप काढला. आधी गाडीचं भोक मोजलं, मग रबरासकट काच मोजली. पुन्हा भोक मोजलं. पुन्हा काच मोजली. आणि मटकन खाटेच्या कडेला बसले.

"अतिक्रमण हाय, सर."

"काय?"

"काच भोकापेक्षा मोठी हाय. चारी बाजूंनी. ही दुसऱ्या मॉडेलची हाय. रशीदभाईनं फसवलं, न्हाई तर आपण फसलो."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. चाळीस वर्षं लोकांच्या बांधांची भांडणं मिटवलेला माणूस, पण आपल्याच अंगणातलं अतिक्रमण कसं हटवायचं ते त्याला कळेना. शेवटी ते उठले, घरातून सुरी घेऊन आले आणि म्हणाले, "रबर बाहेरून तासून घेतो. भोकाएवढं करतो."

मला वाटलं, बरोबर असेल. मोजमाप त्यांचं, मी काय सांगणार? मी रबर ताणून धरलं. सुरी टेकणार तेवढ्यात काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"काय करून राह्यले तुमी?"

उत्तमरावांनी अतिक्रमण समजावून सांगितलं. काकूंनी भोकाकडं बघितलं, काचेकडं बघितलं, मग उत्तमरावांच्या सदऱ्याची वरची गुंडी धरली.

"ही गुंडी काजापेक्षा मोठी हाय का लहान?"

"मोठी."

"मंग कापू का हिला? काजाएवढी करू? टिकंल का सदऱ्यात?"

उत्तमराव गुंडीकडं बघत राहिले. मग काचेकडं. मग सुरीकडं. रबराची कड पत्र्याच्या दोन्ही अंगांनी धरून बसणार, तर ती भोकापेक्षा मोठी असणारच, हे भूगोलाच्या आणि मोजणीच्या मिळून सत्तर वर्षांच्या अनुभवाला सुचलं नव्हतं. सुरी त्यांनी गुपचूप काकूंच्या हातात दिली. "आधी हद्द कायम करू" हे वाक्य त्या दिवशी पुन्हा ऐकू आलं नाही.

मग आम्ही खाचेत सुतळी भरली, साबणाचं पाणी मारलं, मी बाहेरून काच टेकवून तळव्यांनी दाबली, उत्तमराव आत बसून ओढू लागले. वीतभर ओढली आणि सुतळी तुटली. काच माझ्या हातावर सरकली. मी पोटानं अडवली. तो एक क्षण मी अजून विसरलेलो नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या. आत जाऊन हात धुतले आणि परकराच्या नाड्यांचं नवं कोरं बंडल घेऊन आल्या. दोन नाड्या एकमेकींना शिवून लांब केल्या. डाव्या अंगठ्यानं रबराची कड उघडायची, उजव्या हातानं नाडी आत बसवायची. जन्मभर परकरात नाडी ओवलेली बाई ती, दहा मिनिटांत चारी बाजू ओवून मोकळी झाली. नाडीची दोन्ही टोकं आत, खालच्या कडेला, उत्तमरावांच्या समोर लोंबत होती.

पुढचा कारभार काकूंनीच हातात घेतला. "सर, तुमी तिथं दाबा, नाडी जिथून निघंल तिथंच. अन् तुमी, बिलकुल जल्दी करू नका. सासुरवाडीला चालल्यासारखं ओढू नका."

उत्तमराव एकेक बोट नाडी ओढत होते. रबराची कड पत्र्यावर टपटप चढत होती. खालची कड झाली, डावी झाली. वरच्या कोपऱ्यात अडलं. उत्तमरावांच्या कपाळावरून घाम नाकावर येऊन थांबला होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. मी बाहेरून त्या कोपऱ्यावर सगळं वजन टाकलं आणि डोळे मिटले. माझ्या तळव्याखाली काहीतरी हललं. डोळे उघडले तर कोपरा बसलेला होता आणि आत उत्तमराव हातातल्या अखंड नाडीकडं बघत होते.

काकूंनी बादलीभर पाणी काचेवर ओतलं. आत एकच थेंब पडला, तो उत्तमरावांच्या गुडघ्यावर.

"एवढं चालतंय," ते म्हणाले. त्यांनी गुडघा सदऱ्यानं पुसला.

भाऊबीजेच्या सकाळी ते माझ्या दारात. "सर, चला. रस्त्यात काच हलली तर दाबून धराया कुणी पाह्यजे. काकू येऊ शकत न्हाईत, त्यांचे भाऊ येणारेत." मला बहीण नाही, त्यामुळं त्या दिवशी मी रिकामाच असतो. चपला पिशवीत टाकून निघालो. पहिली दहा मिनिटं मी खरोखरच काचेला तळवा लावून बसलो होतो. दोन्हीकडं शेतांत कापूस फुटला होता, परतूरच्या रस्त्याला माहेरी निघालेल्या बायका आणि बहिणींकडं निघालेले भाऊ मोटरसायकलींवर दिसत होते.

आष्टीत एका घरासमोर त्यांनी गाडी उभी केली आणि दोनदा हॉर्न वाजवला. मी उतरलो. ते जागचे हलले नाहीत.

"काका, उतरा की."

"तुमी उतरा. मी हितंच बसतो."

दार उघडलं आणि एक ठेंगणी, वाळकी म्हातारी औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली. मागं तिची सून. म्हातारीचा चेहरा गाडी बघून उजळला. ती भराभर पुढं आली, बोनेटवरून हात फिरवला, आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून आत बघून म्हणाली, "बाळू न्हाई आला का?"

उत्तमराव म्हणाले, "मागून येऊन राह्यलेत, अक्का. गाडी पुढं धाडली त्यांनी."

मी थक्क होऊन सुनेकडं बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तीन दिवाळ्या झाल्या. आत्याबाईंना मामा वळखू येत न्हाईत. बाळू म्हणजे त्यांना तरणाताठा आठवतो. मागं मामा घरात आल्ते, तर 'हा म्हातारा कोण, बाळूला काय झालं' म्हणून रडाया लागल्या. दोन दिवस जेवल्या न्हाईत. तवापासून मामा गाडीतून उतरत न्हाईत. गाडी मात्र बराबर वळखतात."

"बरं," अक्का म्हणाली. "त्याच्या गाडीला तरी ओवाळते. मुहूर्त निघून जाईल."

तिनं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि वाकून समोरच्या काचेवर लावलं. आत उत्तमराव सीटवर पुढं सरकले. छाती स्टिअरिंगला टेकली, मान पुढं काढली, आणि काचेवर जिथं अक्काचं बोट होतं तिथं आतून कपाळ लावलं. डोळे मिटले. अक्काचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं; ती तिच्या कामात होती. तिनं कुंकवावर अक्षता लावल्या आणि ताट तीनदा ओवाळलं. ते हललेसुद्धा नाहीत.

मला रडू आलं. दसऱ्याला आपल्या हातून काय फुटलं होतं ते मला त्या अंगणात कळलं. आणि या माणसाला मिरवायची हौस आहे असं मी म्हणालो होतो, याची इतकी लाज वाटली की मी गाडीच्या मागं जाऊन उभा राहिलो.

उत्तमरावांनी खिडकीतून साडीचा पुडा पुढं केला. "बाळूनं दिलंय."

अक्कानं तो छातीशी धरला. मग ताटातला एक लाडू उचलून खिडकीतून त्यांच्या हातात ठेवला. "घे डायवर, तू बी खा. तुला बहीण हाय का रे?"

"हाय की," उत्तमराव म्हणाले. "एकच हाय."

"मंग आजच्या दिवशी दुसऱ्याची गाडी काय हाकून राह्यला? जाय तिच्याकडं. वाट पाहत असंल ती."

"हौ, अक्का," ते म्हणाले. "जातो."

परतताना ऊन समोरून येत होतं. काचेवरचं कुंकू वाळलं होतं, बरोबर त्यांच्या डोळ्यांपुढं. गाव मागं पडल्यावर मी खणातून फडकं काढलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"काका, समोरचं दिसतंय ना नीट?"

"दिसून राह्यलं की," उत्तमराव म्हणाले. "बराबर दिसून राह्यलं."